55 इंची 4के टीव्हीवर लग्नाची सीडी भुरकट का दिसते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात खरं तर तीन प्रश्न एकत्र झाले आहेत. मुलुंडच्या घरी तुम्ही 55 इंची 4के टीव्ही घेतलात. ओटीटीवरचं सगळं सुरेख दिसतं. पण आई रोज ज्या एसडी (एचडीच्या आधीच्या, कमी तपशिलाच्या) चॅनलवर मालिका बघतात ते चॅनल पसरट आणि भुरकट दिसतात, आणि आईबाबांच्या 1996 सालच्या लग्नाची सीडी लावली तर पाहुण्यांचे चेहरेही नीट ओळखू येत नाहीत. हीच सीडी जुन्या 21 इंची डब्बा टीव्हीवर स्वच्छ दिसायची, मधल्या 32 इंचीवरही चालून जायची. दुकानदार म्हणतो, 4केवर जुनं असंच दिसणार. भाऊ म्हणतो, फुल एचडीच घ्यायला हवा होता. टीव्ही बदलून मिळण्याची मुदत अजून आहे, तर बदलावा का?

या कारणासाठी बदलू नका. टीव्हीत दोष असण्याची शक्यता फार कमी आहे आणि फुल एचडी घेऊनही तुमची तक्रार तशीच राहिली असती. मी दादरला जुन्या कॅसेट डिजिटल करून देण्याचं काम करते. लग्नं, मुंजी, बारशी, हौशी नाटकांचे प्रयोग असं सगळं माझ्याकडे येतं, आणि काम घरी नेल्यावर ते मोठ्या टीव्हीवर वाईट दिसतं म्हणून लोक परत येतात. त्यामुळे अनेकांच्या हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावून द्यायचीही सवय झाली आहे. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे: चित्र बिघडतं ते टीव्हीत पिक्सेल जास्त आहेत म्हणून नाही. ते मोठं करून जवळून बघितलं जातं, आणि पडद्यापर्यंत पोचण्याआधी वाटेत नको तितक्या वेळा बदललं जातं, म्हणून बिघडतं. यातलं किती सुधारेल हे तुमचा सेटटॉप बॉक्स कोणता आहे, सीडीत नेमकं काय आहे आणि सोफा किती मागे जातो यावर अवलंबून आहे. ते तुम्हालाच तपासावं लागेल, कसं ते सांगते.

आधी आकडे. आपल्याकडचं एसडी चित्र 720 बाय 576 पिक्सेलचं असतं, म्हणजे 576 आडव्या ओळी आणि प्रत्येकीत 720 पिक्सेल, एकूण 4,14,720 पिक्सेल. 4के टीव्हीचा पडदा 3840 बाय 2160, म्हणजे 82,94,400. बरोबर वीस पट. चित्राने पूर्ण पडदा भरायचा तर टीव्हीकडे एक खरा पिक्सेल आहे आणि एकोणीस त्याला शेजारपाजार बघून अंदाजाने भरायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो ताणून चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावतात, तसंच हे. पण फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघितला तर तो वाईट दिसत नाही. खरी गोम अंतरात आहे.

साधारण चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका मिनिटाच्या कोनाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल तर डोळा तो एकसंध बघतो. आता मुंबईतला नेहमीचा हॉल घ्या, सोफा आणि टीव्हीत सात फूट. 21 इंची डब्बा टीव्हीच्या दिसणाऱ्या काचेची उंची साधारण 30 सेंटिमीटर. त्यात 576 ओळी बसवल्या की एक ओळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते आणि सात फुटांवरून ती नजरेच्या मर्यादेखाली जाते. चित्रात तपशील कमी आहे हे डोळ्याला कळतच नव्हतं. 32 इंचीवर हीच ओळ सुमारे 0.7 मिलिमीटरची होते, मर्यादेच्या किंचित वर, म्हणून ‘चालून जायचं’. 55 इंची पडद्याची उंची 68.5 सेंटिमीटर. तिथे एक ओळ 1.2 मिलिमीटरची होते, म्हणजे त्याच सोफ्यावरून मर्यादेच्या जवळपास दुप्पट. एसडी चित्र या टीव्हीवर जुन्यासारखं गोळीबंद दिसायला सोफा चार मीटर, म्हणजे तेरा फूट मागे हवा. तेरा फूट मागे आपल्या घरात स्वयंपाकघर असतं.

म्हणून भावाचं म्हणणं मला पटत नाही. 55 इंची फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080 पिक्सेलचा, घेतला असता तरी ती ओळ 1.2 मिलिमीटरचीच राहिली असती. फुल एचडीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की 1080 ला दोनने गुणलं की 2160, 720 ला तीनने गुणलं की 2160, पण 576 ला पावणेचारने गुणावं लागतं, त्यामुळे 4केवर एसडी विस्कटतं. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. फुल एचडीसाठीसुद्धा 576 ला 1.875 ने गुणावं लागतं, तोही पूर्णांक नाही. शिवाय आजचे टीव्ही एका पिक्सेलचे चार पिक्सेल असे नुसते छापत नाहीत, शेजारच्या पिक्सेलमधून वळण काढून मधले भरतात. त्या पद्धतीत पट मोठी असेल तर अपूर्णांकाचा त्रास उलट कमी जाणवतो. त्रास होतो तो पट एकाच्या जवळ असताना. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या 32 इंची टीव्हींपैकी पुष्कळांचा पॅनल 1366 बाय 768 असतो. त्यावर 720 ओळींचं चित्र 768 ओळींत बसवताना बारीक अक्षरं कुठे ठळक, कुठे पुसट होतात. या कारणासाठी नाराज व्हायचंच तर त्या टीव्हीवर व्हावं. 4केवर नाही.

डब्बा टीव्ही एवढा छान का वाटायचा, याला आकाराखेरीज आणखी कारणं आहेत. त्यात चित्राशी बांधलेले ठरावीक पिक्सेल नव्हते. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळी ओढत जायचा आणि प्रत्येक ओळीची कड किंचित मऊ असायची. त्या मऊपणात ठोकळे आणि खरखर झाकली जायची. काचेच्या चौकटीमागे चित्राच्या कडाही थोड्या लपायच्या. म्हणून व्हीएचएस कॅसेटच्या तळाशी असणारी फाटक्या ओळींची पट्टी तेव्हा कोणी पाहिलीच नव्हती. आता ती दिसते आणि लोकांना वाटतं की कॅसेट खराब झाली. ती पहिल्या दिवसापासून तिथेच आहे.

सगळ्यात मोठा फरक मात्र इंटरलेसिंगचा आहे. इथे थोडा वेळ थांबते, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. पाल पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या एसडी टीव्हीच्या पद्धतीत, सेकंदाला 25 पूर्ण चित्रं नसतात, 50 अर्धी चित्रं असतात. एकदा विषम ओळी, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी, प्रत्येक अर्ध्यात 288. डब्बा टीव्ही ते जसं येईल तसं काढायचा आणि डोळा ते जुळवून घ्यायचा, त्यामुळे हालचाल लोण्यासारखी दिसायची. सपाट पडद्याला अर्धं चित्र दाखवता येत नाही. त्याला दर वेळी पूर्ण चौकट हवी. मग दोन अर्धी जुळवायची का? पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्याच्या मधे माणसाचा हात पुढे गेलेला असतो, तेव्हा नुसतं जुळवलं तर हाताच्या कडेला कंगव्याचे दाते येतात. एकच अर्धं घेऊन ताणलं तर दाते जातात, पण तपशीलही निम्मा होतो आणि तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसतात. चांगला टीव्ही चित्राचा कोणता भाग हलतोय, कोणता स्थिर आहे हे बघून दोन्ही पद्धती मिसळतो. स्वस्त सेटटॉप बॉक्स किंवा स्वस्त डीव्हीडी प्लेअर बहुतेक वेळा तेवढे कष्ट घेत नाही.

यामुळेच एक गंमतीदार गोष्ट घडते. एखाद्या एसडी चॅनलवर जुना कृष्णधवल मराठी चित्रपट लागला तर तो त्याच चॅनलवरच्या स्टुडिओतल्या कार्यक्रमापेक्षा स्वच्छ दिसू शकतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी फिल्मवर घेतलेला असतो आणि पालसाठी तो किंचित जलद करून 25 ने चालवतात. त्यात दोन्ही अर्धी एकाच चौकटीतून निघालेली असतात, मधे काळ गेलेला नसतो. टीव्हीने ते ओळखून नीट जुळवलं की 576 च्या 576 ओळी हाती लागतात. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये याहून कितीतरी जास्त तपशील असतो, म्हणून अशा चित्रपटांचं पुन्हा 4के स्कॅनिंग करता येतं. व्हिडिओ टेपवर चित्रित केलेल्या मालिकेला किंवा लग्नाला ती सोय नाही. तिथे 576 ओळी ही शेवटची मर्यादा.

आता आईंच्या मालिकांकडे येऊ. सेटटॉप बॉक्सच्या मागे हात घालून बघा. पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर निम्मं उत्तर तिथेच सापडलं. मुंबईत केबलचं डिजिटायझेशन पहिल्या टप्प्यात झालं, 31 ऑक्टोबर 2012 ची मुदत होती, आणि तेव्हा घरोघरी बसलेल्या बॉक्सपैकी बरेच फक्त एसडी होते. पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्र कालवून पाठवले जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. त्यात अक्षरांच्या कडेला ठिपके सरकतात, लाल रंग रेषेबाहेर ओघळतो. म्हणजे बॉक्समध्ये डिजिटल असलेलं चित्र आपण वायरीत शिरताना बिघडवतो आणि मग टीव्हीला ते वीस पट मोठं करायला सांगतो. केबलवाल्याला सांगून एचडीएमआय असलेला बॉक्स घ्या. चॅनल एसडीच ठेवला तरी फरक दिसेल.

शक्य असेल तर आई बघतात त्या चॅनलची एचडी आवृत्ती घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सगळ्यांच्या एचडी वाहिन्या आहेत. एचडी प्रक्षेपण 1920 बाय 1080 चं असतं आणि त्याची ओळ तुमच्या सात फुटांवरून बरोबर नजरेच्या मर्यादेवर येते. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या टीव्हीवर, सोफ्यावर बसलेल्या माणसाला चांगलं एचडी आणि 4के यांत फार थोडा फरक जाणवेल, पण एसडी आणि एचडी यांतला फरक लगेच जाणवेल. एसडी चॅनलचं दुसरं दुखणं ओळींचं नाहीच, डेटाचं आहे. मर्यादित जागेत बरेच चॅनल बसवलेले असतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच डेटा येतो, आणि पावसाचं दृश्य किंवा क्रिकेटची गर्दी आली की चित्राचे ठोकळे होतात. छोट्या पडद्यावर ते विरून जायचे, आता ते हाताच्या बोटाएवढे दिसतात.

एचडीएमआय बॉक्स आल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये चित्राचं आउटपुट बघा. लोक तिथे सगळ्यात मोठा आकडा निवडतात, 1080पी किंवा असेल तर 2160पी, आणि मला तेच बदलून द्यावं लागतं. तसं केलं की अर्धी चित्रं जुळवणं आणि आकार वाढवणं ही दोन्ही अवघड कामं बॉक्सच्या स्वस्त चिपकडे जातात. शिवाय 1080पी निवडलं असेल तर टीव्ही 1080 वरून 2160 वर दुसऱ्यांदा मोठं करतो आणि पहिल्या वेळच्या चुकाही सोबत मोठ्या होतात. बॉक्समध्ये ‘ऑटो’, ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ असा पर्याय असेल तर तो निवडा. चॅनल जसा येतो तसाच टीव्हीकडे जाईल, आणि मोठं करण्याचं काम एकदाच, तुमच्याकडच्या सगळ्यात ताकदवान चिपमध्ये होईल. यात चॅनल बदलताना क्षणभर पडदा काळा होतो. आईंना त्याचा त्रास वाटला, किंवा तो पर्यायच नसला, तर 576 आणि 1080आय (‘पी’ म्हणजे पूर्ण चौकटी, ‘आय’ म्हणजे अर्धी चित्रं) दोन्ही लावून त्यांच्या नेहमीच्या चॅनलवर कोणतं बरं दिसतं ते त्यांनाच विचारा. इथे एकच उत्तर नाही. काही बॉक्स हे काम बरं करतात.

‘भुरकट’ या तुमच्या शब्दावरून एक शंका आली. चित्र अस्पष्ट असण्यासोबत काळे केस, काळा कोट हे राखाडी दिसत असतील तर तो तपशिलाचा प्रश्न नाही. व्हिडिओत काळा रंग 0 वर नसून 16 वर आणि पांढरा 255 वर नसून 235 वर ठेवलेला असतो. बॉक्सने या ‘लिमिटेड’ मापाने चित्र पाठवलं आणि टीव्हीने ते ‘फुल’, म्हणजे 0 ते 255 चं, धरलं की सगळ्यावर धुकं पसरल्यासारखं होतं. टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा तशा नावाचं सेटिंग असतं, ते बॉक्सशी जुळवा.

टीव्हीच्या बाकीच्या सेटिंगपैकी मी नेहमी चार गोष्टी बघते. पहिली, चित्राचा आकार. जुना कार्यक्रम चार-तीनच्या चौकटीतला असेल तर तो तसाच ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. पडदा भरण्यासाठी ताणलं की माणसं एक तृतीयांश रुंद होतात आणि असलेला तपशीलही पातळ होतो. अनेक घरांत वडीलधाऱ्यांना पट्ट्या खटकतात, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि बाजू रिकाम्या का, असं ते म्हणतात. त्यांना दोन्ही प्रकारे ओळखीच्या माणसाचा चेहरा दाखवा, बहुतेक जण पट्ट्या स्वीकारतात. दुसरी, शार्पनेस. तो वाढवल्याने तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ येते आणि ठोकळ्यांच्या कडाही उठून दिसतात. चॅनलच्या लोगोकडे किंवा खाली सरकणाऱ्या बातमीच्या पट्टीकडे बघत शार्पनेस कमी करत जा, अक्षरांभोवतीची रेघ नाहीशी झाली की थांबा. काही टीव्हींवर हा आकडा शून्य निघतो, काहींवर पन्नास, म्हणून दुसऱ्याचा आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही. तिसरी, ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. चौथी, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग. एलजीमध्ये त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीमध्ये मोशनफ्लो. एसडीवर ते अगदी कमी ठेवा, नाहीतर खराब चित्रात ते चुकीचे अंदाज बांधतं आणि हलणाऱ्या माणसाभोवतीची हवाही हलताना दिसते. नॉइज रिडक्शन मात्र एसडी चॅनलसाठी मध्यम ठेवायला हरकत नाही. 4के बघताना ते बंद करा.

इथपर्यंतचं थोडक्यात: वायर बदला, शक्य तिथे एचडी घ्या, आकार टीव्हीला वाढवू द्या, शार्पनेस उतरवा. एवढं केल्यावर मालिकांची तक्रार बहुतेक मिटेल.

लग्नाची सीडी हे वेगळं प्रकरण आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. तुम्ही ‘सीडी’ म्हणालात ते बरं झालं. 1996 सालचं लग्न बहुधा व्हीएचएस कॅमेऱ्यावर घेतलं असणार. पुढे व्हीसीडीचं, म्हणजे साध्या सीडीवरच्या व्हिडिओचं, युग आलं तेव्हा हजारो कुटुंबांनी कॅसेटच्या सीड्या करून घेतल्या. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 चं असतं. म्हणजे दोन अर्ध्या चित्रांपैकी एक सरळ टाकून दिलेलं, आडवे पिक्सेलही निम्मे, आणि सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिटच्या आत दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं). तुमच्या टीव्हीला हे 82 पट मोठं करावं लागतंय. मुंडावळ्यांचे मोती त्यात उरलेलेच नाहीत. आणि मंगलाष्टका संपून अक्षता पडतात त्या क्षणी, जेव्हा चित्रात शेकडो बारीक ठिपके एकदम हलतात, तेव्हा व्हीसीडी हमखास ठोकळ्यांत फुटते. ज्या क्षणासाठी सीडी लावायची तोच सर्वांत वाईट दिसतो.

डिस्कमध्ये काय आहे हे कॉम्प्युटरवर उघडून बघा. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल असेल तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि व्हीओबी फाइल असेल तर डीव्हीडी. पण डीव्हीडी निघाली म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण व्हीसीडीवरूनच बनवलेल्या डीव्हीडी माझ्याकडे खूप येतात. खरी परीक्षा अशी: व्हीएलसी प्लेअरमध्ये डिइंटरलेस बंद करा, कोणीतरी झपकन हात हलवतंय अशा जागी चित्र थांबवा आणि हाताची कड बघा. तिथे कंगव्याचे दाते दिसले तर आनंदाची गोष्ट आहे, दोन्ही अर्धी चित्रं अजून जिवंत आहेत आणि त्यातून चांगलं काम होऊ शकतं. दाते कुठेच नसतील आणि हालचाल जराशी अडखळत असेल, तर वाटेत कोणीतरी निम्मं चित्र टाकून दिलंय, आणि ते कोणत्याही टीव्हीला परत आणता येणार नाही.

तसं असेल तर मूळ कॅसेट शोधा. माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मामांकडे, ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडे. व्हीएचएसचा तपशील मुळात कमी, आडव्या दिशेने साधारण 240 रेषांचा, पण त्यात पन्नास अर्ध्या चित्रांची पूर्ण हालचाल असते आणि ठोकळे अजिबात नसतात. नीट उतरवलेली व्हीएचएस मोठ्या टीव्हीवर मऊ दिसते, थोडी खरखरीत दिसते, पण माणसं माणसांसारखी चालतात. व्हीसीडीनंतर ती बघताना घरच्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो त्यासाठी मी हे काम करते.

कॅसेट सापडली तर घाईने प्लेअरमध्ये घालू नका. मुंबईच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. झाकण उचलून, खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीवर पांढरे डाग आहेत का बघा. असतील तर आधी साफसफाई, नाहीतर टेप फाटते आणि बुरशी प्लेअरच्या हेडवर जाऊन पुढच्या कॅसेटलाही लागते. प्लेअरही आता मिळतात ते जुनेच, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केलीत तर दुरुस्त केलेला मिळूही शकतो, पण एका कॅसेटसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा काम करून देणाऱ्याकडे द्या. देताना दोन गोष्टी स्पष्ट मागा: 576 ओळींची, इंटरलेस्ड, न दाबलेली किंवा अगदी कमी दाबलेली मूळ फाइल, आणि तिच्यावरून केलेली सेकंदाला 50 पूर्ण चौकटींची एमपी4. पन्नास, पंचवीस नाही. प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण चौकट काढली की टीव्हीला दाते जुळवत बसावं लागत नाही आणि हालचाल जुन्या टीव्हीसारखी राहते. फक्त डीव्हीडी किंवा 25 चौकटींची एमपी4 देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कॅसेट टाकू नका.

एआयने 4के करून देऊ का, असं हल्ली सगळे विचारतात. चांगल्या मूळ फाइलवर, हलक्या हाताने, त्याचा उपयोग होतो. मांडवाच्या कडा, साड्यांचे काठ बरे दिसतात. पण लांबून घेतलेले, दहा-बारा पिक्सेलचे चेहरे ते स्वतःच्या मनाने रंगवतं. डोळे नवे, दात नवे, कातडी मेणासारखी. गेलेल्या आजीचा असा चेहरा बघून कुटुंबातलं माणूस गप्प झालेलं मी पाहिलं आहे. अस्पष्ट असली तरी ती आजी असते. म्हणून मी गर्दीच्या दृश्यांवर एआय वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू देऊ नका.

नवीन फाइल आली की पेनड्राइव्हवरून थेट टीव्हीत लावा, चार-तीनच्या चौकटीत, आणि तरीही पसरट वाटली तर चित्र मुद्दाम लहान करा. लॅपटॉप एचडीएमआयने जोडून खिडकी पडद्याच्या निम्म्या उंचीची ठेवली की सात फुटांवरून ओळ पुन्हा नजरेच्या मर्यादेखाली येते. विचित्र वाटेल, पण जमलेल्या पाहुण्यांना विचारून बघा. किंवा लग्न बघायच्या दिवशी खुर्च्या पॅसेजच्या दाराशी मांडा.

राहिला टीव्ही बदलायचा प्रश्न. मुदत संपण्याआधी खऱ्या दोषाची तपासणी करून घ्या, ती एसडीवर होत नाही. एखादा चांगला 4के व्हिडिओ लावा, मग पूर्ण पांढरा, पूर्ण राखाडी आणि पूर्ण काळा पडदा दाखवणारी चित्रं पेनड्राइव्हवरून लावा. पांढऱ्यावर कायम काळा राहणारा ठिपका, राखाडीवर उभे पट्टे, अंधाऱ्या खोलीत काळ्यावर एका कोपऱ्यातून फुटणारा भगभगीत उजेड, किंवा 4के चित्रातही बारीक अक्षरं अस्पष्ट, यांपैकी काही दिसलं तर फोटो काढून दुकानदाराला लगेच कळवा आणि बदलून मागा. यातलं काहीच दिसलं नाही तर टीव्ही ठेवा, आणि त्याऐवजी केबलवाल्याला फोन करा.